आत दोरा असलेली अंगठी

मी लग्न ठरल्याची अंगठी बोलतेय. अभिनंदनाची घाई करू नका. मला एका बाईवर सूड उगवायचा होता. तो कसा उगवला, तेवढंच सांगते.

"मुलीच्या बोटाचं माप आणा," असं सोनार मुलाच्या आईला सांगत होता. पण ती कुठली ऐकतेय. "बोटं काय, सगळ्या मुलींची सारखीच," म्हणाली. त्यामुळे साखरपुड्याच्या दिवशी मी मुलीच्या बोटात सैल झाले.

मुलगी शिवणकाम करणारी. घरी गेल्यावर तिने माझ्या आतून निळा दोरा गुंडाळला आणि बारीक गाठ मारली. मग मी अशी बसले, की मशीन चालवताना तिला माझा विसर पडायचा. बहीण चिडवायची, "हल्ली हात हलवल्याशिवाय बोलतच नाहीस गं." ती लाजून मला मुठीत लपवायची.

लग्न ठरणं म्हणजे शब्द देणं, असं आम्हा दोघींना वाटत होतं. मुलाच्या आईला मात्र ते दुकानात माल बाजूला काढून ठेवण्यासारखं वाटत होतं. साखरपुड्याचे फोटो आले, त्यांत सुईने टोचलेली बोटं दिसली आणि तिने नाक मुरडलं. "हे हात चारचौघांत दाखवायचे?" लग्न मोडलं. वर सांगत सुटली, "मुलीतच खोट होती हो."

मुलीचे वडील मला परत द्यायला आले, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. दोरा तसाच होता. त्या दिवशी मी मनाशी गाठ मारली.

दुसरी मुलगी परिचारिका. "आमच्या मुलाचं हे पहिलंच," असं सांगून बाईने मलाच नवी म्हणून काढलं. बाहेरून चकचकीत पुसलं, आत बघितलंच नाही. मुलगा मला तिच्या बोटात घालायला लागला, तशी मी पेरावर अडून बसले.

"ढकल रे," आई म्हणाली.

मुलीने मला काढून आत पाहिलं. "हा दोरा कुणाचा?"

"सोनारच लावून देतो."

"सैल अंगठीला लावतात. मला तर ही होतच नाहीये." ती मुलाकडे वळली. "तुम्ही सांगा. आईकडे नका बघू."

"आधी एकदा ठरलं होतं," तो पुटपुटला.

"तिच्यातच खोट होती," आई घाईने म्हणाली.

"खोट नव्हती, आई. तुला तिचे हात आवडले नाहीत."

सगळे नातेवाईक ऐकत होते. परिचारिकेने सतत धुऊन कोरडे पडलेले आपले हात पुढे केले. "मग हेही बघून घ्या." मला टेबलावर ठेवून ती उठली. मुलाच्या मावशीचे कपडे त्या पहिल्या मुलीकडेच शिवायला असतात. खरं काय ते तिच्या घरी पोचायला वेळ लागला नाही.

पण माझं मन भरलं नव्हतं. "सोनं वाया कशाला घालवायचं," म्हणत बाईने दोरा कापला आणि मला स्वतःच्या बोटात कोंबलं. मग मी निघालेच नाही. साबण झाला, तेल झालं, बोट सुजून लाल झालं.

आज आम्ही दोघी सोनारापुढे बसलोय.

"कापावी लागेल," तो म्हणतो.

"काप, पण जोडून दे. मुलाचं आणखी एकीकडे जमतंय."

"जोड दिसेल, काकू."

"बाहेरून घास की. आत कोण बघतंय?"

घास बाबा, हवं तेवढं घास. तिसरी जी कोणी असशील, तुला माझं एकच सांगणं आहे. बोट पुढे करण्याआधी मला हातात घे आणि आतून बघ. मग त्या बाईकडे बघ. आणि सगळ्यांसमोर विचार, "हा जोड कशाचा?"