डोळ्याजवळचे कडे

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. दिसायला सूक्ष्मदर्शकाचा लठ्ठ भाऊ, पण माझे काम अगदी वेगळे. माझ्या पुढ्यात चष्मा ठेवायचा, मागून डोळा लावायचा आणि बाजूची चकती फिरवायची. आतल्या हिरव्या रेघा स्वच्छ दिसल्या, की चकतीवर त्या भिंगाचा नंबर वाचायचा. झाले!

कारखान्यातून निघालो ते मी थेट एका चष्म्याच्या दुकानात आलो. दुकानदाराला सगळे काका म्हणत. काकांचा स्वतःचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. तो कपाळावर सरकवून ते उघडा डोळा मला लावत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे डोळ्याजवळचे कडे फिरवून मला आपल्या नजरेला जुळवून घेतले. त्यानंतर मला दुसऱ्या कुणाचा डोळा लागला नाही, आणि ते कडेही कुणी फिरवले नाही. "हे यंत्र खोटं बोलायचं नाही," असे काका गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पुढे आपोआप नंबर छापून देणारी यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात पडलो. दुकान बंद झाले तेव्हा आता आपण भंगारात जाणार, या विचाराने माझी गाळण उडाली होती. पण काकांनी मला उचलून आपल्या सेवा क्लबात नेले.

क्लब म्हणजे चपलांच्या दुकानावरची एक लांबट खोली. तिथली मंडळी घराघरांतून जुने चष्मे गोळा करत, साबणाच्या पाण्यात धूत, माझ्याकडून नंबर काढून घेत आणि प्रत्येक चष्मा नंबर लिहिलेल्या पाकिटात घालत. युद्धाने घरदार सुटलेल्या, परक्या देशात तंबूत राहणाऱ्या माणसांकडे ती पाकिटे समुद्रापलीकडे जात. म्हातारपणी मला असे काम मिळाले!

एके दिवशी तिकडच्या छावणीतल्या परिचारिकेचा फोन आला. छावणीत एक सुईण होती. तंबूत जन्मणारी पोरे तिच्याच हातावर येत. पण धावपळीत तिचा चष्मा तुटला होता, आणि नाळ कापताना तिला आपली बोटेसुद्धा धड दिसत नव्हती. परिचारिकेने तिचा नंबर सांगितला. "पुढच्या खोक्यात तेवढा एक तरी पाठवा," ती म्हणाली.

नेमके तेव्हाच काकांच्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. माझ्यापाशी त्यांची सून येऊन बसली. हुशार, हाताने चटपटीत. काकांनी तिला फोनवर सगळे समजावले, चष्मा कसा धरायचा, चकती कशी फिरवायची. फक्त त्या कड्याबद्दल सांगायचे राहिले. इतक्या वर्षांत ते कडे फिरते हेच ते विसरून गेले होते.

तिने डोळा लावला आणि तिथेच घोटाळा झाला. तिची नजर स्वच्छ, आणि मी जुळवलेला काकांच्या अधू डोळ्याला! तिला रेघा स्पष्ट दिसत होत्या, पण चकतीवरच्या भलत्याच आकड्याला. प्रत्येक पाकिटावर चुकीचा नंबर पडत होता. सुईणीसाठी तिने एक चष्मा मोठ्या हौसेने निवडला, भिंगे फुंकर मारून पुसली. मी आतल्या आत ओरडत होतो, "अगं, थांब!" पण यंत्राला वाचा कुठली? ती घरी जाई आणि माझा जीव त्या खोक्यात अडकून राही. चुकीच्या चष्म्याने सुईणीचा हात चुकला तर?

खोके चिकटपट्टी लावून बंद झाले. न्यायला गाडी येऊन खाली उभी राहिली. तेवढ्यात काका जिना चढून आले. "नवा डोळा घेऊन आलोय," असे म्हणत त्यांनी सवयीने कपाळाकडे हात नेला. तिथे चष्मा नव्हता, ऑपरेशनने तो सुटला होता. हसत हसत त्यांनी मला डोळा लावला, आणि हसू मावळले.

"अरे, हे बिघडलंय! काही न ठेवतासुद्धा नंबर दाखवतंय!"

क्लबचे अध्यक्ष औषधविक्रेते, स्वभावाने घायकुते. ते म्हणाले, "जुनंच आहे ते, काका. देऊन टाकू भंगारात. चला, खोक्याबरोबर फोटो काढायचाय."

माझे धाबे दणाणले. पण काका हलले नाहीत. त्यांचा अंगठा चाचपडत माझ्या कड्यावर आला. कडे करकरले, फिरले. चकती शून्यावर असताना रेघा स्वच्छ झाल्या. काकांनी कडे पुन्हा मागेपुढे फिरवून पाहिले. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, हे कडं तू फिरवलं होतंस का गं?"

"कोणतं कडं, बाबा?"

काकांनी कपाळाला हात लावला. "चूक माझी आहे. यंत्र बिघडलं नव्हतं, माझा डोळा बदलला. तुझा तर पहिल्यापासूनच वेगळा होता."

"थोडंफार इकडंतिकडं चालतं हो," अध्यक्ष म्हणाले. "फुकटच तर देतोय आपण!"

सुनेचा चेहरा लाल झाला. "फुकट देतोय म्हणून काहीही द्यायचं? तिच्या हातात बाळ असणार आहे, साहेब!" आणि तिने सरळ कात्री घेऊन खोके फाडले.

खाली गाडीवाला भोंगा वाजवत होता. सुनेने कडे आपल्या डोळ्याला जुळवले आणि सुईणीचा चष्मा पुन्हा ठेवला. चुकला होता! काका दुसरा पुढे करत, ती मान हलवी. तिसरा, चौथा... भोंगा थांबत नव्हता. अध्यक्षच शेवटी वैतागून खाली धावले आणि गाडी थोपवायला गाडीवाल्याशी हुज्जत घालू लागले. मग एका साध्या काळ्या काडीच्या चष्म्यावर तिची मान थांबली. तो मुठीत धरून ती जिना उतरली.

गाडी तो एकच चष्मा घेऊन गेली. बाकीचे सगळे पुन्हा मोजायचे होते. ती माणसे तिकडे अंधुक डोळ्यांनी वाट पाहत राहिली, याचे मला आजही वाईट वाटते.

आता माझ्यापाशी कितीतरी जण बसतात, अध्यक्षसुद्धा. मित्रांनो, कधी तुम्हीही याल. मला पुसा, तेल द्या, झाकून ठेवा. पण दूरच्या माणसासाठी काही मोजायला बसलात, तर आधी काही न ठेवता एकदा माझ्यात पाहा. रेघा स्वच्छ दिसताना चकतीवर शून्य नसेल, तर मेहरबानी करून पुढे जाऊ नका. मला ओरडता येत नाही, आणि त्या सुईणीला तुमचा पत्ता ठाऊक नाही.