चिमट्याचा पराक्रम

“फुटलं रे फुटलं! मिसरूड फुटलं! गडी पूर्ण झाला!”

काकांचा आवाज. तीस वर्षांपूर्वीचा, न्हाणीघराच्या दारातून आलेला, साऱ्या घराला ऐकू जाईल असा. आरशापुढे उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या पोराच्या ओठावर त्यांना एक पुसट रेघ दिसली होती, आणि शेतात तेल लागल्यासारखा आनंद झाला होता. ते पोर मनातून पोर नव्हतंच, पोरगी होती. पण हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिलाही अर्धंमुर्धंच. काकांच्या मते त्या दिवशी गडी पूर्ण झाला. तिची मात्र त्या दिवसापासून वजाबाकी सुरू झाली.

पुढे ती घड्याळं दुरुस्त करू लागली. गल्लीच्या तोंडाशी दीड माणूस मावेल एवढं दुकान, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. सगळे तिला आता घड्याळवाली म्हणतात. वर्षभरापूर्वीपर्यंत घड्याळवाले म्हणायचे; काहींच्या तोंडात अजून दोन्ही येतं आणि ते मधेच खोकतात. कपडे बदलले, केस वाढले, हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. राहिली ती दाढी. सकाळी आठला काढावी, तर दुपारी चारला हजर. जगातली तमाम घड्याळं मागे पडतात, पुढे पळतात. ही एकटी वक्तशीर. आणि नेमकी तीच नको होती.

सोळा वर्षांच्या संसारात बायकोशी बोलताना तिचं असं कधी घोडं अडलं नव्हतं. वर्षभरापूर्वी अडलं. बायको दुकानांतले वजनकाटे तपासायची, सरकारी निरीक्षक. खोटं वजन तिला तळहातावर घेऊन कळायचं, आणि तोंडातून शब्द निघायचा तोही तोलून. घड्याळवालीने दोन तास रडत, नाक पुसत सगळं सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, “बरं.”

कपड्यांचं सांगितलं. “बरं.”

गोळ्यांचं सांगितलं. “बरं. जेवणाआधी की नंतर?”

लेसरने दाढी कायमची काढायची म्हटल्यावर म्हणाली, “बरं. गाडी मी चालवीन.”

आता या एका शब्दात किती ग्रॅम राग, किती ग्रॅम माया, कोण मोजणार? “तुला काय वाटतं ते तरी सांग गं,” घड्याळवाली विनवायची. “मला काय वाटायचंय? चेहरा तुझा,” एवढं बोलून ती भांडी विसळायला घ्यायची. ही एक दिवस निघून जाणार, अशी घड्याळवालीची खात्रीच होत चालली. जाताना ती काय म्हणणार, तेही ठरलेलं होतं. “बरं.”

लेसरच्या दवाखान्यात पहिल्या भेटीत नुसतं बोलणं झालं. तिथली मुलगी पंचविशीची, केस घट्ट बांधलेले, बोलणं भराभर. “ताई, पुढच्या वेळी चेहरा स्वच्छ करून या. बाकी सगळं कागदावर आहे,” म्हणून तिने एक कागद हातात दिला.

ताई! घड्याळवालीला पुढचं काही ऐकूच आलं नाही. कागद घेऊन ती तरंगतच दुकानात आली. कागद चांगला होता, पांढरा, गुळगुळीत, जाड. असा कागद घड्याळं खोलताना खाली अंथरला की बारीक स्क्रू हरवत नाहीत. तिने अंथरला. दहा दिवस तो तिच्या नाकाखाली होता आणि त्यावरची एकही ओळ तिने वाचली नाही. माहितीपत्रक वाचणं हे नवशिक्यांचं काम, असं तिचं मत होतं.

‘स्वच्छ’ हा शब्द मात्र डोक्यात राहिला. काही माणसं अशी असतात, की घर झाडायला बाई येणार म्हटलं की आधी स्वतः घर झाडून काढतात. तिला काय वाटेल! घड्याळवाली त्यातलीच. त्या पोरीने ताई म्हटलं, आणि तिच्यापुढे हे खुंट घेऊन जायचं? मग रोज संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून, डोळ्याला भिंग लावून, आरसा दिव्याला टेकवून ती बसू लागली. हातात तिचा सगळ्यांत बारीक चिमटा, केसाहून पातळ स्प्रिंग उचलणारा. एकेक केस धरायचा, श्वास रोखायचा, ओढायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, ते पुसून पुढचा. हनुवटी चार संध्याकाळी, गाल तीन, वरचा ओठ दोन, आणि शेवटच्या संध्याकाळी राहिलेसाहिले चुकार. काम करताना ओव्या रचून गुणगुणायची तिला जुनी खोड होती. एरवी बंद पडलेल्या घड्याळांवर रचायची, त्या दहा दिवसांत स्वतःवर रचली:

*चिमट्या रे माझ्या दादा, एक एक गडी धर,*
*उद्या पाहुणी यायची, आज झाडून घे घर.*

दहाव्या दिवशी तिने गालावरून बोट फिरवलं. लोण्यासारखा. असं काम गावात दुसरं कुणी करू शकणार नाही, असं तिला प्रामाणिकपणे वाटलं. आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या उंच खुर्चीवर ती मान ताठ करून बसली. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर पर्स. मुलीने दिवा जवळ ओढला, डोळे बारीक केले, मग दिवा आणखी जवळ ओढला.

“ताई, हे काय केलंत?”

“स्वच्छ केलं.”

“कशाने?”

“चिमट्याने.”

“सगळं?”

“या कानापासून त्या कानापर्यंत,” घड्याळवाली अभिमानाने म्हणाली. “एक चुकला असेल तर दाखवा.”

मुलीने दिवा बंद केला. “अहो ताई, लेसर मुळावर चालतं. केस काळा असतो ना, त्याच्यातून उष्णता खाली मुळाशी जाते आणि मूळ जळतं. तुम्ही मुळंच उपटून आणलीत. आता मी जाळू काय, खुर्ची?”

“पण तुम्हीच म्हणालात, स्वच्छ…”

“रेझरने! कागदावर लिहिलंय. ठळक अक्षरांत. खाली दोन रेघा मारल्यात मी, स्वतः पेनने. ‘उपटू नका.’”

घड्याळवालीच्या डोळ्यांपुढे तो कागद आला. दोन निळ्या रेघा. त्यातल्या वरच्या रेघेवर तिने दहा दिवस स्क्रू मांडले होते, छान सरळ ओळीत. रेघ त्यासाठीच असावी, असा तिचा समज होता.

“चार आठवडे थांबा,” मुलगी म्हणाली. “उगवू दे सगळं. रोज रेझर चालेल. चिमटा दिसता कामा नये.”

कोपऱ्यातून कसला तरी आवाज आला. बायको पर्समध्ये तोंड घालून हसत होती. खांदे हलत होते, स्टूल हलत होतं. “दहा दिवस,” ती कशीबशी म्हणाली, “दहा दिवस मला सांगत होती, दुकानात तातडीचं काम आलंय!” आणि पुन्हा पर्समध्ये. घड्याळवाली मेल्याहून मेली. पण इतक्या महिन्यांत बायकोच्या तोंडून ‘बरं’शिवाय हा एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच निघाला होता, म्हणून तीही भीत भीत थोडं हसली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; हिने तर बैलाचे केससुद्धा उपटले होते.

ते चार आठवडे मोठे गमतीचे गेले. जिला घालवायचं, तिचीच वाट बघत बसायचं. सकाळी आरशात बघावं, आली का? हनुवटीवर पहिले खुंट टोचले, तेव्हा तिला चक्क हायसं वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. दिवसभर हातात चिमटा आणि गालावर पीक. उपाशी माणसाला हलवायाच्या दुकानात राखणीला बसवावं, तशी गत. काही गिऱ्हाइकं हनुवटीकडे बघायची, काही बघायची नाहीत, आणि न बघणारी जास्त दिसायची.

तिसऱ्या आठवड्यात ती घरी आली तर पलंगावर मोठी बॅग उघडी पडलेली. बायको तिची चेन मागेपुढे ओढत होती.

“ही बॅग?” घड्याळवालीचा आवाज चोरासारखा निघाला.

“चेन अडकतेय.”

पुढे विचारायचा धीर झाला नाही. आणि सकाळी या शहाणीने काय करावं? बॅग उचलून दुकानात नेली, चेनचे वाकडे दात भिंगाखाली एकेक सरळ केले, वर मेण फिरवलं. बायको सोडून जाणार, तर जाऊ दे. पण जिन्यात चेन अडकून तिची फजिती नको. संध्याकाळी बॅग परत पलंगावर ठेवली. बायकोने चेन ओढून पाहिली. सर्रकन गेली. “बरं झालं,” ती म्हणाली. एक शब्द जास्त मिळाला. घड्याळवालीला त्याचाही घोर लागला.

चार आठवड्यांनी पुन्हा तीच खुर्ची. डोळ्यांवर गडद चष्मा चढला, गालावर गार जेल. बायकोलाही चष्मा मिळाला. कोपऱ्यात ती वेल्डिंग शिकायला आल्यासारखी बसली होती.

“रबर ताणून सोडल्यासारखं वाटेल,” मुलगी म्हणाली.

टक्.

रबर? कुणाचं रबर, ट्रकच्या टायरचं? तापलेली सुई आत गेली, आत वळून बघून आली. पाठोपाठ जळक्या केसांचा वास. “पिसं भाजल्यासारखं येतंय,” घड्याळवाली म्हणाली.

“तुम्हीच भाजताय, ताई. हलू नका.”

टक्. टक्. टक्. हनुवटीवर आल्यावर तिने खुर्चीचे हात धरले. चिमट्याने ओढताना दुखलं होतं, पण तेव्हा चिमटा तिच्या हातात होता. आता सगळं दुसऱ्याच्या हातात. ती ओठ न हलवता गुणगुणू लागली.

*ठिणगी पडे गं गालावरी, जळे तिसा वर्षांचं रान,*
*रडू कशाला गं बाई, तूच मांडलं सामान.*

“गाताय का शिव्या देताय?” मुलीने विचारलं.

“दोन्ही. चाल एकच आहे.”

वरच्या ओठावर मात्र गाणंही संपलं आणि शिव्याही. डोळ्यांतून आपोआप धार लागली, नाकातून दुसरी. धीराने सोसायचं असं ठरवून आलेली चव्वेचाळीस वर्षांची बाई “आई गं” म्हणून इतक्या जोरात किंचाळली, की शेजारच्या खोलीतल्या डॉक्टर डोकावून गेल्या. कोपऱ्यातलं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. तिच्या मुठीवर एक हात येऊन बसला. शेवटच्या टकपर्यंत तो उठला नाही.

“पहिली खेप झाली,” मुलगी म्हणाली. “अशा आठ-दहा. पांढरे केस लेसरला दिसत नाहीत, तेवढे राहतील. आणि उन्हात जाऊ नका.”

बाहेर सावलीत एक बाक होता. दोघी बसल्या. घड्याळवालीचा चेहरा लाल, सुजलेला. आरशात बघून ती म्हणालीच होती की हे टोमॅटोला दाखवू नका, लाजेल. बायकोने रुमालात बर्फाची पिशवी गुंडाळली आणि तिच्या गालाला लावून धरली. समोरून माणसं जात होती. कुणी बघत नव्हतं.

“एक विचारू?” घड्याळवाली म्हणाली. “आजच विचारते. आज तोंड असंही सुजलेलं आहे, रडले तरी फरक कळायचा नाही. तू जाणार आहेस का?”

“कुठे?”

“ती बॅग…”

“तपासणीच्या दौऱ्यावर. पुढच्या आठवड्यात, तीन दिवस. तुला सांगितलं होतं मी, तू चिमट्यात होतीस.” बायकोने बर्फ दुसऱ्या गालाला लावला. “गाडीची चावी माझ्याकडे आहे. जायचं असतं, तर तुला इथे बाकावर ठेवून केव्हाच गेले असते.”

“मग वर्षभर नुसतं बरं, बरं का म्हणतेस? काहीतरी आहे तुझ्या पोटात. मी वेडी आहे, आंधळी नाही.”

बर्फाचं पाणी बायकोच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, तिथून तिच्या मांडीवर टपटपू लागलं. तिने ते पुसलं नाही. बराच वेळ ती ती पिशवी हातात तोलत राहिली, मग बाकावर ठेवून दिली.

“मला ती दाढी आवडायची,” ती म्हणाली. “सकाळी तू झोपेत असलीस की मी तुझ्या गालावर गाल ठेवायचे. खरखरीत. सोळा वर्षं. तुला कधी जाग आली नाही.”

घड्याळवालीचं तोंड उघडं राहिलं. “आणि हे तू मला आता सांगतेस? जाळून झाल्यावर?”

“आधी सांगितलं असतं,” बायको म्हणाली, “तर तू माझ्यासाठी ठेवली असतीस.”