मनगटापासून कोपरापर्यंत

माझ्या नवऱ्याचं प्रत्येक गाणं आधी माझ्या उजव्या हातावर वाजलंय. फुशारकी मारत नाही, भोगलंय ते सांगते. त्याचे निळे डाग लपवायला बावीस वर्षं मी ऐन उन्हाळ्यात लांब बाह्या घातल्या.

त्याचे शो रात्री असायचे आणि झोप दुपारी. मी चष्म्याच्या दुकानात कामाला. दुकान एक ते चार बंद. घरी येऊन जाड पडदे ओढून आम्ही आडवे व्हायचो. त्याचा डोळा लागला की त्याचा डावा हात सरपटत यायचा आणि माझा हात पकडायचा, गिटारची दांडी पकडतात तसा. अंगठा खाली, चार बोटं वर. मग मनगटापासून कोपरापर्यंत दाबादाबी सुरू. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण कुठल्या बोटानंतर कुठलं येणार हे पाठ व्हायचं.

दुकानातल्या कॅशियरबाईंनी डाग पाहून एकदा हळूच विचारलं, "मारतो का गं?"

म्हटलं, "नाही हो, वाजवतो."

तेव्हा त्याचा बँड म्हणजे एका गॅरेजमध्ये कोकलणारी चार पोरं होती. मग एक दिवस मी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असताना रेडिओवर त्यांचं गाणं लागलं. कानाआधी हाताने ओळखलं. करंगळी, करंगळी, मधलं बोट, मग सगळी एकदम. त्या दुपारपासून ते गाणं माझ्या हातावर पुन्हा कधीच आलं नाही. पुढेही तसंच. रेकॉर्ड झालं की हातावरून गेलं, आणि चार दिवसांनी नवीन सुरू.

मग काय विचारता! स्टेडियम भरायला लागली, पोरी त्याच्या पोस्टरचे मुके घ्यायला लागल्या. मुलाखतीत कोणी विचारलं, एवढ्या धुना सुचतात कुठून, तर स्वारी म्हणायची, "वाऱ्यातून." वारा म्हणे! काखेत कळसा नि गावाला वळसा. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही, आणि दुपारी तरीही हात दिला.

गेल्या वर्षी हृदय बंद पडून तो गेला. बावन्नाव्या वर्षी.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, शेजारची गादी रिकामी असताना माझा हात पकडला गेला.

भीती वाटली का? वाटली. किंचाळलेसुद्धा. पडदा सरकवून पाहिलं, तर कातडीवर चार खळगे पडत होते, उठत होते, पुढे सरकत होते. बोटं नव्हती. पण हात मी काढून घेतला नाही. हा दाब मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

गाणं नवीन होतं आणि अर्धवट होतं. कोपराजवळ येऊन करंगळी थांबायची आणि पुन्हा मनगटापासून सुरुवात. महिनोन्‌महिने हेच.

मग लंबू आला. हा बँडमधला बेस गिटार वाजवणारा, माझ्या नवऱ्याचा तीस वर्षांचा जिवलग. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, हॉस्पिटलमध्ये तो म्हणाला होता, एक राहिलंय. कुठे लिहिलंय विचारलं, तर तुमचं नाव घेतलं. ते एवढं वाजवू आणि वाद्यं कायमची ठेवून देऊ."

"मला काही माहीत नाही," म्हटलं आणि दार लावलं. देईन कशी? गाणं रेकॉर्ड झालं की माझा नवरा गेला, या वेळी खराखुरा.

पण त्यानंतर बोटं चिडली. कोपराजवळ इतकी रुतायची की डोळ्यांतून पाणी यायचं. आयुष्यभर धून अडली की हा माणूस जेवायचा नाही. आता किती दिवसांचा उपाशी असेल? मला बघवेना. मीच लंबूला फोन केला.

गिटार मला धरता येत नाही. म्हटलं, "भाऊजी, बाही वर करा." टेबलावर त्याचा हात ठेवला, तसाच पकडला आणि दाबत गेले. माझी बोटं न अडखळता चालली. लंबू गिटारच्या दांडीवरची घरं मोजत पुटपुटत होता, "पाचवी, सातवी, परत पाचवी..." कोपराजवळ मी थांबले.

"पुढे अडतं," म्हटलं.

लंबूच्या ओठांचा रंग उडाला. "अडत नाही वहिनी. तो माझी वाट बघतोय. इथे बेस येतो."

आठवड्याभरात गाणं रेकॉर्ड झालं. त्या दुपारी हात पसरून पडले, आणि काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोटभर रडले. मग मनाची समजूत घातली की बाई, सुटला तो, तूच सोडवलंस. कित्येक महिन्यांनी गाढ झोपले. कपाटातून अर्ध्या बाह्यांचा कुडता काढला, दुकानात घालून गेले.

नवव्या दिवशी दुपारी लंबू आला. अंगात लांब बाह्यांचा शर्ट, कपाळावर घाम. त्याने बाही वर केली तर मनगटापासून कोपरापर्यंत निळे डाग.

"हे ते गाणं नाही," तो म्हणाला. "नवीन आहे. मी कधी ऐकलेलं नाही. वहिनी, शपथ, मी काही केलं नाही."

म्हणजे ते शेवटचं नव्हतंच. तो सुटलाही नव्हता. माझ्याच हाताने मी त्याला दुसऱ्याच्या हातावर नेऊन ठेवलं होतं.

"झोपा इथे," म्हटलं.

बिचारा निमूट आडवा झाला, आमच्याच पलंगावर, माझ्या जागेवर. पडदे ओढले. लंबू घोरायला लागला आणि त्याच्या हातावर खळगे पडू लागले. काय झरझर चालला होता! माझ्या हातावर इतका मोकळा माझा नवरा कधीच चालला नव्हता. मला असा राग आला, असा राग आला की मी माझा हात लंबूच्या हातावर आडवा टाकला. म्हटलं, "अरे, मी इथे आहे. हा घे."

खळगे थांबले. मी वाट पाहिली. माझ्या कातडीवर काहीही उमटलं नाही. बऱ्याच वेळाने हात उचलला, तेव्हा जिथे थांबला होता तिथूनच तो पुढे सुरू झाला.

बँडवाले सरावाला बसलेले असताना मी खोलीत गेले की तो असाच थांबायचा. रागावून नाही, अगदी सभ्यपणे. माझं काम होऊन मी बाहेर पडेपर्यंत.

मी उठले, बाहेर आले आणि आवाज न करता दार लावून घेतलं.