गादीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, जिच्यासाठी भाऊ-भाऊ भांडतात आणि जिच्यावर बसणाऱ्याला लोक मुजरे करतात, ती गादी मी नव्हे. मी आपली साधी कापसाची. आता पार दबलेली, मधोमध खळगा पडलेली, एका कोपऱ्यात चहाचा डाग असलेली. मुजरा सोडाच, मला उन्हात घालायचंही कोणाच्या लक्षात राहत नाही. तरी आज थोडं बोलते. फार बोलायचं त्राण नाही, मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका गादीवाल्याच्या अंगणात झाला. त्याने कापूस पिंजून पिंजून इतका हलका केला की त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. मग मला निळ्या पट्ट्यांच्या खोळीत भरलं, काठीने बदडून सारखं केलं आणि दाभणाने टाके घातले. नवं लग्न ठरलेल्या एका बेकरीवाल्याने मला विकत घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावरून घरी नेलं.

बेकरीवाला अंगाने दांडगा. उजाडायच्या आत उठून भट्टी पेटवायला जायचा, दुपारी परत यायचा आणि पाठ टेकली की घोरायला लागायचा. त्याच्या केसांतला मैदा माझ्यावर सांडायचा. बायको म्हणायची, "पावही इथेच भाजा आता!" ती टपाल कचेरीत नोकरीला होती. पुढे त्यांना मुलगी झाली. ती माझ्यावर इतक्या उड्या मारायची की माझे दोन टाके तुटले, पण कधी राग आला नाही. "अशी गादी शोधून सापडायची नाही," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि मी फुगून जायचे.

मग ते सुरू झालं. कशाने, ते मला सांगता येणार नाही. एकदा तो पिठात मीठ घालायला विसरला आणि सगळे पाव अळणी निघाले. गिऱ्हाईकं हसली आणि विसरली, तो मात्र विसरला नाही. पण त्याच्या आधीपासूनच तो आतून खचत चालला होता, असं मला वाटतं. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. शेवटी भट्टी धाकट्या भावावर सोपवून तो माझ्यावर येऊन पडला तो पडलाच.

कोणी दारात येऊन विचारलं तर घरातली माणसं सांगायची, "तो झोपलाय." मित्रांनो, आपल्या भाषेतला हा शब्द मोठा लबाड आहे. आडवा झाला तरी माणूस झोपला, आणि डोळा लागला तरी झोपलाच! मला मात्र यातला फरक कळतो. झोपलेला माणूस हातपाय सैल सोडतो, सगळा भार माझ्यावर टाकतो. हा टाकतच नव्हता. परक्या घरी बसल्यासारखा अंग चोरून पडायचा. दिवसभर पडून आणि डोळ्याला डोळा नाही. मीही थकले. गादीला दिवसा जरा वारा लागतो, कापूस मोकळा होतो. माझी ती विश्रांती गेली.

त्याची थोरली बहीण यायची. मुलीची आत्या. माझ्या काठावर बसून ती समजावायची. "अरे, तुला कमी काय आहे? सोन्यासारखी बायको, मुलगी. मन खंबीर कर. ऊठ, तोंड धू, चार माणसांत जा."

"हो ताई," तो म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा.

मुलगी एकदा आईच्या कानात म्हणाली, "बाबा माझ्यावर रागावलाय का गं?" ते त्यालाही ऐकू गेलं. तो आणखी आक्रसला.

शेवटी बायको एकटीच मनाच्या डॉक्टरीणबाईंना भेटून आली. आत्या बाहेरच्या खोलीत तिची वाटच पाहत होती. "काय म्हणाल्या?"

"त्यांनी विचारलं, ते दिवसभर झोपतात की नुसते पडून असतात? आणि वन्सं, मला सांगता येईना." ती रडायला लागली. "इतकी वर्षं एका गादीवर झोपतेय आणि मला सांगता येईना."

दुसऱ्या दिवशी तिने रजा काढली. सकाळी मुलीला शाळेत धाडलं आणि नवऱ्याशेजारी, त्याच्याकडे तोंड करून आडवी झाली.

"जागे आहात?"

"हो."

"कधीपासून?"

तो म्हणाला, "आठवत नाही. डोळे मिटले की वाटतं, परत उघडायला लागूच नयेत. मी नसलो तर तुम्ही सुटाल सगळे."

मित्रांनो, माझ्या अंगावर त्याचं सगळं घर होतं आणि ते त्या क्षणी बुडायच्या बेतात होतं. मला फार भीती वाटली. पण बायको ओरडली नाही, "असं बोलू नये" म्हणाली नाही. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"उठा. आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊन काय सांगू? आळशी झालोय म्हणून?"

"आत्ता मला सांगितलंत ना, तेच."

दोघं परत आली तेव्हा कळलं, की हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. रोज एक गोळी, आठवड्यातून एकदा समुपदेशकाशी बोलणं, आणि सध्या त्याला घरात एकटं सोडायचं नाही. दिवसा आत्या येऊन बसू लागली. गोळीने पहिल्यांदा नुसतं तोंड कोरडं पडलं, पोट बिघडलं. तो वैतागला. "काही उपयोग होत नाहीये."

"दोन-चार आठवडे लागतात म्हणून सांगितलंय," बायको म्हणाली. "पीठ फुगायला थांबता ना तुम्ही? मग मी पण थांबेन."

समुपदेशक त्याला गृहपाठ द्यायचा. एवढ्या दांडग्या माणसाला गृहपाठ! आधी नुसतं उठून माझ्या काठावर बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे. मग अंघोळ. मग बेकरीपर्यंत चालत जाऊन यायचं, काम करायचं नाही. मला आधी हसू आलं. पण काठावर बसताना त्याला घाम फुटायचा, ते पाहिलं आणि हसू विरलं.

हळूहळू तो सुधारला. भट्टीवर जाऊ लागला, घोरूही लागला. आत्याच्या जिवाला बरं वाटलं आणि ती म्हणाली, "आता कशाला रे गोळ्या? उगाच सवय लागेल." त्यालाही तेच हवं होतं. कोणाला न विचारता त्याने गोळ्या बंद केल्या. पुढचे काही आठवडे ठीक गेले, आणि मग तो पुन्हा माझ्यावर येऊन पडला. अंग चोरून.

तेव्हा मात्र मी हाय खाल्ली. पहिल्या वेळी निदान काय होतंय ते ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बोल लावला नाही. गोळी पुन्हा सुरू केली, थोडी वाढवली. बरं वाटल्यावरही कित्येक महिने ती घ्यायची आणि कमी करायची ती त्या सांगतील तेव्हाच, असं बजावलं. आत्या स्वतः पाण्याचा पेला घेऊन आली. "घे रे बाबा. माझं ऐकलंस तेवढं पुरे झालं." या वेळी वेळ जास्त लागला. चांगला दिवस यायचा, पाठोपाठ तीन वाईट. मधोमधचा खळगा तेव्हाच पडला.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्या घरात कोणी असं पडून असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. ते तुमच्यामुळे झालेलं नसतं, हेही ध्यानात ठेवा. जवळ बसा, विचारा, आणि जे ऐकाल ते मोठ्या माणसाला सांगा. मनातही ठेवू नका. आणि तुम्हालाच कधी तसं वाटलं, तर आधी स्वतःचं सांगा. गादीला सगळं कळतं, पण ती उठून डॉक्टरांकडे जाऊ शकत नाही.

परवाची गोष्ट. गेले वर्षभर सगळं सुरळीत होतं. पहाटे भट्टीवर जायच्या वेळी तो उठला, पण गेला नाही. चांगलं उजाडेपर्यंत माझ्या काठावर पाय सोडून बसून राहिला. माझा जीव टांगणीला लागला. मग त्याने बायकोच्या खांद्याला हात लावला.

"अगं, जागी हो. दोन दिवस परत तसं वाटायला लागलंय. आज माझ्याबरोबर येशील डॉक्टरांकडे?"

त्याला कोणी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

बायकोने केस बांधले. "चला," ती म्हणाली, आणि माझ्यावरची चादरही न आवरता दोघं निघाली.