पाहुण्यासाठी उंच बांधलेला झुला

मी एक जुना झुला आहे. कापडी, दोन झाडांना बांधायचा. पांढरकवड्याच्या विमलताईंनी मला शिवलं तेव्हा कापड ऐसपैस घेतलं, कारण माणूस झोपेत तिरपा होतोच, असं त्यांचं मत होतं.

मित्रांनो, माझं तारुण्य वामनरावांच्या शेतातल्या दोन कडुनिंबांमध्ये गेलं. वामनरावांनी तिथे पर्यटकांसाठी तंबू लावले होते. लोक वाघ पाहायला येत आणि वाघ दिसला नाही की माझ्यात येऊन पडत. तेव्हा मी सैल, पोट सोडून लोंबायचो. शेतावर कामाला येणाऱ्या, गुडघे धरलेल्या रुखमाबाईसुद्धा पाय जमिनीवर ठेवून माझ्यावर टेकायच्या आणि कोणाचा हात न धरता उठायच्या. "खाटेपक्षा बरा हाय बापा हा," म्हणायच्या. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी पोत्यात गेलो. तिथे उंदरांनी माझी विचारपूस केली.

यंदाच्या हिवाळ्यात मला बाहेर काढलं, कारण धर्मपाल येणार होते. बोरी अरब गावात मोबाइल दुरुस्त करणारे, एक पाय पोलिओने वाळलेला, कुबड्यांवर चालणारे. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मले उचलाले कोणी नोको. दोन दिवस आपल्या आपण राहून पाहाचं हाय."

वामनरावांनी फक्त "पाहुणा" एवढंच ऐकलं. पाहुणा यजमानापेक्षा खाली कसा बसेल? त्यांनी मला छातीएवढं उंच बांधलं आणि ढोलकीसारखं ताणलं. वर झेंडूचा हार.

"वामनराव, जरा खाली घ्या न," धर्मपाल म्हणाले. "अन् सैल सोडा. टेकलो का पाय जमिनीले लागले पाह्यजे. मंग मी उठतो बरोबर."

"अजी, तुमाले खाली निजवू? लोकं तोंडात शेण घालतीन माह्या!"

"मंग चढू कसा?"

"चार माणसं कायले ठेवले?"

"थेच तं नोको म्हणून राह्यलो जी!"

चौघांनी त्यांना उचललं. शाल घातली. फोटोत बरं दिसत नाही म्हणून कुबड्या दूर झाडाला टेकवल्या. टाळ्या झाल्या आणि सगळे जेवायला गेले.

थोड्या वेळाने धर्मपालांना लघवीला जायचं होतं. त्यांनी हाक मारली. तिकडे वाढप जोरात होतं. दुसरी हाक त्यांनी मारली नाही. चांगला पाय कडेवरून खाली सोडून ते जमीन चाचपडू लागले. मित्रांनो, सैल झुला माणसाला पोटात धरतो, ताणलेला झुला पापडासारखा उलटतो. मला हे ठाऊक होतं. स्थिर राहावं म्हणून मी फार धडपडलो, पण माझ्या गाठी माझ्या हातात नसतात. मी उलटलो. ते उजव्या मनगटावर पडले. कुबडी धरायच्या.

वामनराव हात न धुता धावत आले. "म्हणून तं म्हणत होतो, एकट्यानं उतरू नोका!"

पुन्हा चौघांनी त्यांना उचललं आणि दवाखान्याच्या गाडीत ठेवलं. आता नको म्हणायलाही जागा उरली नव्हती.

मित्रांनो, झुला बांधाल तेव्हा एक गाठ मारून थांबा. ज्याला त्यात पडायचं आहे, त्याला बसू द्या, उठू द्या. तो "जमलं" म्हणाला, की मगच दुसरी मारा. त्याच्या कुबड्या त्याच्या हाताशी ठेवा, फोटो कसाही येवो. आणि तो "खाली घ्या" म्हणाला, तर कृपा करून त्याचा मान राखू नका, त्याचं ऐका.