मान डोलावणारा हार्लन टीग

मी हार्लन टीग बोलतोय. खरा नव्हे. खरा सहा फूट दोन इंच आहे आणि सध्या मासे पकडायला गेलाय. मी साडेसात इंचांचा बाहुला. डोकं अंगापेक्षा मोठं, मानेत स्प्रिंग. कपाळावर टिचकी मारली की मी 'हो' म्हणतो. प्रश्न कुठलाही असो. आयुष्यात एकदाच मी 'नाही' म्हणालो, आणि त्या एका 'नाही'मुळे आज काचेच्या पेटीत उभा आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला, तीन हजार भावंडांसोबत. आम्ही सगळे एकाच फोटोवरून बनलो. तो फोटो पाठवला होता गिल पॉमरॉयने. गिल तेव्हा ब्लॅकफोर्कच्या 'कॅटफिश' बेसबॉल संघाच्या ऑफिसात नुकताच चिकटला होता. ब्लॅकफोर्क म्हणजे ओहायोतलं आमचं गाव. गिलने फोटो उलटा पाठवला. हार्लन उजव्या हाताने खेळणारा, आणि आम्ही तीन हजारच्या तीन हजार डावखुरे निघालो. खोकी उघडेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण हार्लनच्या शर्टावर आकडा अकरा. इंग्रजी अकरा म्हणजे दोन उभ्या काठ्या. उलट्या केल्या तरी काठ्याच.

थंडीत आमची ऑर्डर दिली तेव्हा हार्लन गावाची आशा होता. जुलैत आम्ही खोक्यांतून उतरलो तेव्हा त्याला सत्तावीस वेळा बॅट हातात मिळून एकदाही धड फटका मारता आला नव्हता. ठरल्याप्रमाणे शनिवारच्या सामन्याला प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात एकेक बाहुला दिला गेला. हार्लन बॅट घेऊन उभा राहिला. लोकांनी त्याच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि अख्खं स्टेडियम हसायला लागलं.

"ए हार्लन!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुझ्याऐवजी ह्यालाच पाठव की! हा निदान चेंडूला मान तरी देतोय!"

हार्लनचा अठ्ठाविसावा प्रयत्नही फुकट गेला. सामन्यानंतर कोच बक त्याला म्हणाला, "उद्या चार वेळा बॅट देतो. एक तरी मार. नाहीतर सोमवारी सकाळच्या बसने घरी."

घरी म्हणजे मामाच्या टायरच्या दुकानात.

मी ओपलकाकूंच्या वाट्याला आलो. छोट्या संघांतल्या खेळाडूंना गावातली माणसं आपल्या घरी ठेवून घेतात. हार्लन ओपलकाकूंच्या तळघरात राहायचा. काकूंनी तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. त्यांनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिरपुडीच्या डबीशेजारी ठेवलं.

रविवारी सकाळी हार्लन समोरची अंडी नुसती काट्याने ढकलत बसला होता. मग त्याने मला विचारलं, "जाऊ का घरी?" आणि टिचकी मारली.

मी हो म्हणालो.

"बघा काकू. हा पण जा म्हणतोय."

"थांब." काकू कढई तशीच ठेवून आल्या. "काय रे, हा राहू दे का?" टिचकी. मी हो म्हणालो. "झालं! ठरलं! आता अंडी खा, ती काही परत कोंबडीत जाणार नाहीत."

हार्लनला हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. मग काकू चष्मा लावून माझ्याकडे बघत बसल्या. "पण हा उभा किती ऐटीत आहे रे. तू असा अवघडल्यासारखा का उभा राहतोस?"

"काकू, तो उलटा आहे."

"मग तू सुलट कधी झालास?"

हार्लनने काटा खाली ठेवला. "सात वर्षांचा असताना. त्याआधी मी डाव्यानेच मारायचो. पण आमच्या अंगणातून डाव्याने मारलं की चेंडू थेट पाद्रीबुवांच्या टोमॅटोच्या काचघरात. तीनदा काचा फुटल्यावर बाबांनी मला धरून दुसऱ्या बाजूला उभं केलं. तेव्हापासून तिथेच आहे."

"म्हणजे टोमॅटोसाठी?"

"टोमॅटोसाठी."

काकूंनी मला उचललं आणि पर्समध्ये टाकलं. "चल. ह्या गावात कुणी टोमॅटो लावत नाही."

दुपारी मी चौथ्या रांगेत काकूंच्या मांडीवर होतो. हार्लन पहिल्यांदा उजव्याने खेळला, हुकला. दुसऱ्यांदा उजव्याने खेळला, हुकला. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा तो आला, उजव्या बाजूला उभा राहिला आणि त्याने आमच्याकडे बघितलं. काकूंनी मला डोक्यावर धरून माझ्या कपाळावर टिचकी मारली. मी एवढ्या जोरात हो म्हणालो, की मान तुटते की काय असं वाटलं.

हार्लन चालत पलीकडे गेला आणि डाव्या बाजूला उभा राहिला.

"अरे, जागा चुकलास!" कोच बक किंचाळला.

"तू गप रे!" शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आला.

पहिलाच चेंडू. ठक्. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि मी काही मरणाऱ्यातला नाही. चेंडू कुंपणावरून गेला, तिकीटखिडकीवरून गेला आणि गाड्या लावतात तिकडे दिसेनासा झाला. मग काच फुटल्याचा आवाज. काच गिलच्या गाडीची होती.

सोमवारची बस हार्लनला न घेताच गेली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षांत तो मोठ्या लीगमध्ये पोचला. पंधरा मोसम खेळला. दोन हजार एकशे चौदा फटके, सगळे डाव्याने. तो गाव सोडून निघाला तेव्हा काकूंनी मला त्याच्या जुन्या मोज्यात घालून बॅगेत टाकलं. म्हणाल्या, "पेच पडला की ह्याला विचार." त्याने विचारलं. नव्या शहरात जाऊ? हो. दुखऱ्या गुडघ्यावर खेळू? हो. तिला लग्नाचं विचारू? हो. गुडघ्याच्या बाबतीत मी जरा चुकलो. निवृत्त होऊ का, हेही त्याने विचारलं, आणि खरं सांगतो, मान जड झाली होती, पण हलवली.

मग तो ब्लॅकफोर्कला परत आला, मला काकूंच्या हवाली केलं, आणि गावाने त्याचा पुतळा करायचं ठरवलं. तोपर्यंत गिल संघाचा अध्यक्ष झाला होता. पहिल्या चुकीवरून त्याला एकवीस वर्षं लोकांनी छळलं होतं. किराणा घ्यायला गेला तरी लोक म्हणायचे, "गिल, पिशवी सुलट धर हं." त्यामुळे शिल्पकाराला पाठवायचा फोटो त्याने स्वतः तपासला. बघतो तर हार्लन डावखुरा! एकवीस वर्षांच्या धसक्यात हार्लन खरोखर कसा खेळला हेच गिल विसरला. पुन्हा तेच! त्याने ताबडतोब फोटो उलटा केला.

उद्घाटनाच्या दिवशी पुतळ्यावरचं कापड खाली आलं. नऊ फुटांचा कांस्याचा हार्लन टीग, उजव्या हाताचा. छातीवर दोन उभ्या काठ्या.

चार हजार माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"ह्या वेळी चूक नाही, हार्लन," गिल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मी तीनदा तपासलंय."

हार्लनने त्याच्या तोंडाकडे बघितलं. माणूस मुळात मवाळ. "झकास आहे, गिल," तो म्हणाला. मग त्याने काकूंच्या मांडीवरून मला उचललं आणि माईकसमोर धरलं. "ह्यालाही विचारू. काय रे, हा मीच ना?"

टिचकी.

आता बघा, माझी काय अवस्था झाली असेल. हो म्हटलं की कांस्य खरं आणि मी कायमचा खोटा. ते दोन हजार एकशे चौदा फटके कुणीतरी भलत्यानेच मारले, असं होणार. नऊ फुटांपुढे साडेसात इंचांचं कोण ऐकतो?

माझी मान डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

लोक म्हणतात, स्प्रिंग झिजली होती. म्हणू देत.

"मी कधीची हेच म्हणतेय!" पहिल्या रांगेतून त्र्याऐंशी वर्षांच्या काकू गरजल्या. "हा कुठला दांडगा आणून उभा केलाय?"

हार्लन पुतळ्याच्या पायरीवर बसला आणि पोट धरून हसला. मग माईक घेऊन त्याने टोमॅटोपासून सगळं सांगितलं. गिल पांढराफटक पडला होता. "म्हणजे तेव्हाच बरोबर होतं?"

"तेव्हाच."

"वितळवू हा?"

"राहू दे," हार्लन म्हणाला. "मी उजव्यानेच खेळत राहिलो असतो तर असाच दिसलो असतो. टायरच्या दुकानाबाहेर."

म्हणून मग पुतळ्याच्या पायाशी मला काचेच्या पेटीत ठेवलं. शेजारी पितळी पाटी लावली, 'खरा हार्लन टीग असा उभा राहायचा', आणि खाली बाण. पाटी गिलने स्वतः तपासली. बाण सॉसेजच्या गाडीकडे आहे.

तर तुम्ही ब्लॅकफोर्कला आलात की बाणाच्या उलट बाजूला बघा. मी तिथेच असतो. काही ठरवायचं असेल तर विचारा आणि काचेवर टिचकी मारा. मात्र आता आधीसारखं गृहीत धरू नका. हल्ली मी विचार करून सांगतो.