उठू नका

बहिणीचा उजवा हात डोक्यावर जाईना. त्या बाजूचा स्तन काढून वर्ष झालं, तरी काख आखडलेलीच. टेक्निशियन भावानं कोपराखाली उशी सरकवली.

"दुखतंय का गं ताई?"

"ढोल्या, हे टेबल आहे की बर्फ? माणसं झोपवतोस की मासळी?"

कॅन्सर फुप्फुसात पसरलाय का, एवढंच आज सीटी स्कॅनमध्ये बघायचं होतं. हे काम दुसऱ्या कुणाला दे, असं सगळ्यांनी त्याला सांगून पाहिलं. ताई ऐकेना. "तुला अंघोळी मी घातल्या. माझा फोटो तूच काढायचा."

"रिपोर्ट मात्र डॉक्टर देणार. मी तोंड उघडणार नाही."

"तू? लपाछपीत लपलास की स्वतःच खोकायचास."

तो काचेआड गेला. बटण दाबलं. मशीनमधली रेकॉर्ड केलेली बाई बोलू लागली.

श्वास घ्या.

ताईची छाती वर आली. एकीकडून.

रोखा.

टेबल सरकलं. देवाबिवाचं त्याला कधी फारसं नव्हतं, तरी एवढ्या एका वेळी जर का

सोडा.

पडद्यावर फुप्फुसाचे काप उलगडले. काळे. स्वच्छ काळे. मग एक पांढरा ठिपका. रक्तवाहिनी असेल. रक्तवाहिनी पुढच्या कापात बाजूला सरकत जाते. त्यानं माउसचं चाक फिरवलं. ठिपका सरकला नाही. जागच्या जागी मोठा झाला आणि विरला. खाली दुसरा. पलीकडच्या बाजूलाही. त्यानं चाक उलटं फिरवलं, पुन्हा सुलटं, जणू नीट फिरवलं तर

"झालं का रे?"

त्यानं माइक दाबला. "झालं. उठू नका, मी येतो."

आत आला तेव्हा ती त्याच्याकडेच बघत होती.

"उठू नका?"

"सवय गं. दिवसभर लोकांशी..."

"मघाशी 'दुखतंय का गं' म्हणालास. आत्ता मी लोक झाले."

तो तिच्या डाव्या हातातली, स्कॅनच्या औषधासाठी टोचलेली सुई काढायला लागला.

"दोन्हीकडे आहे?"

"डॉक्टर सांगतील."

"बरं."

त्यानं कापूस दाबून धरला. रक्त थांबलं तरी बोट उचलेना.

"आईला मी सांगेन," ताई म्हणाली. "तू गेलास तर तिलाही अहो-जाहो करशील."

त्याला हसायचं होतं. तोंड भलतीकडेच वाकडं झालं. तिला उठवायला त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला, पण उठली नाही.

"बाहेर अजून कुणी आहे?"

"आहेत ना. बरेच."

"असू देत," ती म्हणाली, आणि तशीच पडून राहिली.